दात काढण्याआधीच ठरवा: इम्प्लांट लगेच की थांबून?

इम्प्लांटविषयीचा पहिला प्रश्न बहुतेकांच्या तोंडी येतो तो दात काढून झाल्यावर. जखम भरलेली असते, दोन-चार महिने सरलेले असतात, दुसऱ्या बाजूने चावायची सवय लागलेली असते आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, तिथे स्क्रूवाला दात बसवून घे. अशा वेळीही इम्प्लांट बहुतेकदा बसतंच. पण दात काढला त्याच दिवशी बसवायचं की थांबायचं, ही निवड तोवर हातातून गेलेली असते. दात किती जपून काढावा, रिकाम्या जागेत काही भरावं का, हे विचारायची वेळही टळलेली असते. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांना डॉक्टरांनी ‘हा दात आता वाचत नाही’ असं सांगितलंय, पण दात अजून तोंडात आहे.

सुरुवातीला एक गल्लत दूर करू. ‘एका दिवसात पक्का दात’ अशा जाहिरातींत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. दात काढून त्याच बैठकीत हाडात इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, बसवणं ही एक गोष्ट. त्या स्क्रूवर लगेच दात चढवणं ही दुसरी. पहिली जमली म्हणून दुसरी जमेलच असं नाही. आणि त्या दिवशी चढवलेला दात हा तात्पुरता, ॲक्रिलिकसारख्या साहित्याचा असतो. तो दिसण्यापुरता, चावण्यासाठी नव्हे. पक्की कॅप साधारण ३ ते ६ महिन्यांनीच बसते. त्यामुळे जाहिरात वाचून गेलात तर डॉक्टरांना सरळ विचारा: त्या दिवशी नेमकं काय बसणार आहे, आणि मी त्याने कधीपासून चावू शकेन?

दात गेल्यावर हाडाचं काय होतं

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांमध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि खोबणीचं अगदी आतलं हाडाचं अस्तर त्या तंतूंच्या आधारानेच जगतं. दात निघाला की तंतू जातात, त्यांच्यातून मिळणारं रक्त बंद होतं आणि ते अस्तर हळूहळू विरघळतं. वरच्या समोरच्या दातांत ओठाकडची भिंत बहुतेकांमध्ये १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिथे अस्तर गेलं म्हणजे जवळजवळ भिंतच गेली. टाळूकडची भिंत जाड असते, ती टिकते. म्हणून समोरचा दात काढून वर्ष झालेल्या माणसाची हिरडी बाहेरच्या बाजूने खचलेली दिसते.

हे किती वेगाने होतं? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाढा-उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. १२ महिन्यांत त्या जागेची रुंदी साधारण निम्मी झाली होती आणि त्यातली सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच झाली होती. म्हणजे ‘बघू पुढच्या दिवाळीला’ असं म्हणत ढकललेल्या महिन्यांत सगळ्यात महाग पडतात ते सुरुवातीचेच.

इथून एक चुकीचा सल्ला जन्माला आला, तो आजही ऐकू येतो: ‘हाड झिजू नये म्हणून लगेच इम्प्लांट बसवा.’ ही आशा जुनी आहे. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट्स बसवली. त्यांच्या पद्धतीत दात काढल्यावर जागा पूर्ण भरेपर्यंत अनेक महिने थांबायचं, मग इम्प्लांट बसवून ते हिरडीखाली झाकायचं आणि पुन्हा ३ ते ६ महिने थांबायचं. ही प्रतीक्षा कमी करण्यासाठी जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये १९७० च्या दशकातच ताज्या खोबणीत इम्प्लांट बसवायला सुरुवात झाली होती. पुढे अनेकांना वाटलं, खोबण रिकामी राहिलीच नाही तर हाडही झिजणार नाही. २००५ च्या सुमारास अराउजो आणि लिंडे या संशोधकांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत मात्र दिसलं, की इम्प्लांट बसवलं तरी बाहेरची भिंत खाली येतेच. लगेच बसवण्याचे फायदे खरे आहेत: एक शस्त्रक्रिया वाचते, काही महिने वाचतात, समोरचा दात असेल तर हिरडीची कमान सांभाळता येते. हाड वाचवणं हा मात्र त्यातला फायदा नाही. आणि तो फायदा म्हणून कुणी सांगत असेल तर पुढचा सल्ला जरा तपासून घ्या.

‘लगेच’ आणि ‘उशिरा’ यांच्या मधल्या वेळा

रुग्णाला सहसा दोनच पर्याय सांगितले जातात. प्रत्यक्षात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणात चार वेळा आहेत. पहिली, त्याच दिवशी. दुसरी, ४ ते ८ आठवड्यांनी, जेव्हा वरची हिरडी भरून आलेली असते पण आतलं हाड अजून कोवळं असतं. तिसरी, १२ ते १६ आठवड्यांनी, जेव्हा खोबणीत बऱ्यापैकी हाड तयार झालेलं असतं. चौथी, १६ आठवड्यांनंतर.

यातली दुसरी वेळ आपल्याकडे फार कमी बोलली जाते, आणि समोरच्या दातांसाठी मला तीच अनेकदा सर्वांत विचारी वाटते. दीड-दोन महिन्यांत पू आणि सूज निवळलेली असते. हिरडी जागेवर आलेली असल्याने खाली हाडाची पूड भरून वरून पुरेशी झाकता येते. आणि हाडाची मोठी झीज अजून पुरती झालेली नसते. इतका थोडा काळ थांबून एवढं मिळत असेल, तर त्याला ‘उशीर’ म्हणणं बरोबर नाही.

डॉक्टर खुर्चीजवळ काय पाहतात

समजा, माणूस पडल्यामुळे वरचा समोरचा दात हिरडीच्या खाली तुटला आहे. पू नाही, हिरडी निरोगी आहे. लगेच इम्प्लांटसाठी ही उत्तम जागा. तरीही खरा निर्णय दात निघाल्यानंतरच्या पाच मिनिटांत होतो.

भूल दिल्यावर डॉक्टर मुळाभोवती पातळ पात्याचं हत्यार हळूहळू सरकवतात आणि तंतू कापतात. पकड घेऊन ओठाच्या दिशेने दात हलवला तर कागदासारखी ती भिंत तुटू शकते, म्हणून इथे जोर लावायचा नसतो. दाढ असेल तर ती ड्रिलने कापून एकेक मूळ वेगळं काढतात. मूळ निघालं की खोबण खरवडून साफ करतात, मग एका बारीक बोथट सुईने चारही भिंती चाचपतात. ओठाकडच्या भिंतीत सुई कुठे आत निसटते का, भिंतीचा वरचा काठ शाबूत आहे का, हे हाताला कळतं. भिंत शाबूत असेल तर पुढे जायचं. वरचा भाग गेलेला असेल किंवा मोठं भगदाड असेल, तर चांगला डॉक्टर त्या क्षणी बेत बदलतो. ‘आज बसवू म्हणालो होतो, पण दोन महिने थांबू’ असं खुर्चीवर ऐकायला मिळालं तर निराश होऊ नका. तो डॉक्टर तुमच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार करतोय.

भिंती चांगल्या असल्या तरी दुसरी अट पकडीची. दाताचं मूळ वर रुंद आणि खाली निमुळतं असतं. इम्प्लांट त्याहून बारीक असतं. खड्डा खांबापेक्षा मोठा असेल तर खांबाला धरून ठेवते ती खड्ड्याखालची न खणलेली जमीन. तसंच इथे मुळाच्या टोकापलीकडचं ३-४ मिलिमीटर हाड आणि टाळूकडची भिंत इम्प्लांटला धरतात. तिथे हाड नसेल तर लगेच बसवण्यात अर्थ नाही. पकड मोजताही येते: स्क्रू फिरवताना किती जोर लागला हे यंत्र दाखवतं आणि त्याच दिवशी तात्पुरता दात चढवायचा तर सहसा किमान ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास जोर पाहिला जातो. कमी आला तर इम्प्लांट झाकून ठेवायचं आणि दात नंतर.

इम्प्लांट आणि ओठाकडची भिंत यांच्यात फट राहते. ती फट साधारण २ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तिथे बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची पूड, भरतात. आपल्या वाचकांना एक सांगून ठेवायला हवं: या पुडींपैकी बऱ्याच गाईच्या हाडापासून प्रक्रिया करून बनवलेल्या असतात. मानवी हाडाच्या आणि कृत्रिम पुडीही मिळतात. कुणाला श्रद्धेमुळे किंवा अन्य कारणाने काही नको असेल, तर ते आधी सांगावं. डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं तर उत्तमच, पण विचारतीलच याची वाट पाहू नका.

हे सगळं दात काढण्यापूर्वी बऱ्यापैकी कळण्यासाठी सीबीसीटी नावाचा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. आणि इथे सगळा प्रश्न जाडीचाच आहे. स्कॅनशिवाय ‘लगेच बसवून टाकू’ म्हणणाऱ्याकडे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही.

थांबणंच बरं, असे प्रसंग

आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग असा: पाच-सात वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेली दाढ किंवा उपदाढ, त्यावर कॅप बसवायची राहून गेलेली, आणि आता मूळ उभं चिरलेलं. हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. अशा चिरलेल्या मुळाच्या बाजूचं हाड वरपासून खालपर्यंत एका अरुंद पट्टीत खाल्लं गेलेलं असतं. म्हणजे जी भिंत हवी तीच गायब. तिथे दात काढून जागा साफ करून थांबणं शहाणपणाचं.

मुळाच्या टोकाला जुना, शांत संसर्ग असेल आणि भिंती शाबूत असतील, तर नीट साफ करून लगेच बसवल्याचेही चांगले परिणाम आहेत. पण गाल सुजलेला, पू वाहतोय, ताप आहे, अशा वेळी आधी संसर्ग आटोक्यात आणायचा. मोठी गाठ असेल किंवा हिरडीच्या रोगाने हाड चहूबाजूंनी खचलेलं असेल तर ६ महिनेही लागू शकतात.

थांबायचं ठरलं म्हणून खोबण तशीच सोडायची असं नाही. त्याच वेळी पूड भरून वरून पडद्याने झाकणं, ज्याला डॉक्टर सॉकेट प्रिझर्वेशन म्हणतात, याने झीज पूर्ण थांबत नाही, पण लक्षणीय कमी होते. समोरचे दात, वरच्या दाढा आणि जिथे इम्प्लांट ३ महिन्यांच्या पुढे जाणार आहे अशा ठिकाणी याचा खर्च मला योग्य वाटतो. चार-सहा आठवड्यांत इम्प्लांट बसवायचंच असेल तर सहसा गरज पडत नाही.

दाढांची गोष्ट थोडी वेगळी. दाढेची खोबण इम्प्लांटपेक्षा खूपच रुंद असते आणि आधार मिळतो तो मुळांमधल्या हाडाच्या पडद्याचा. तो जाड असेल तर लगेच बसवता येतं. खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखावं लागतं. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढेच्या जागी दिसण्याचा प्रश्न नसतो, त्यामुळे घाईचं कारणही कमी.

परिणामांची तुलना करायची तर दोन्ही पद्धतींत शंभरातली नव्वदहून अधिक इम्प्लांट्स टिकतात. एकत्रित अभ्यासांत लगेच बसवलेल्यांचं अपयश थोडं जास्त आढळतं. समोरच्या दातांत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे इम्प्लांट टिकलं तरी हिरडी दीड-दोन मिलिमीटर वर सरकून दात लांब दिसणं. ज्यांची हिरडी पातळ आहे आणि हसताना हिरडी दिसते, त्यांनी हा मुद्दा डॉक्टरांशी नावानिशी बोलावा.

औषधं, मधुमेह, तंबाखू

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घरातल्या आजींना वर्षातून एकदा शिरेतून किंवा सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली इंजेक्शन दिलेलं असतं. ते ‘औषध’ म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही आणि दाताच्या डॉक्टरांना सांगितलं जात नाही. ही औषधं हाडाची झीज-भर थांबवतात आणि क्वचित जबड्याची जखम भरत नाही. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत दिली असतील तर धोका बराच वाढतो. डोक्या-मानेला किरणोपचार झाले असतील तर दात काढण्याचा निर्णयसुद्धा कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

मधुमेह आटोक्यात असेल तर इम्प्लांटला अडसर नाही. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८ च्या वर असेल तर आधी साखर खाली आणा आणि तातडीचा पर्याय विसरा.

सिगारेट-विडी किमान १ आठवडा आधी आणि ८ आठवडे नंतर बंद हवी, आणि खरं तर कायमची. गुटखा, खैनी आणि मिश्री यांचंही तेच. मिश्रीला आपल्याकडे अजून दात घासायचं साधन मानतात, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. डॉक्टरांनी मिश्रीचं नाव घेऊन विचारावं, आणि घरच्यांनी सांगावं. गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचतच नाही. तिथे आधी तोंड कमी का उघडतं याची तपासणी हवी.

मधल्या काळातला दात आणि जेवण

थांबायचं म्हटलं की पहिली भीती असते समोरचा दात नसताना लोकांत जाण्याची, आणि लग्न तोंडावर असेल तर ती अगदी रास्त आहे. त्यावर उपाय आहेत: काढता-घालता येणारा एक दात, शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला दात, किंवा पारदर्शक साच्यात बसवलेला दात. एकच पथ्य, तो दात भरत आलेल्या हिरडीवर दाबता कामा नये. दिसण्याची सोय झाली की घाईचं अर्धं ओझं उतरतं, म्हणून दात काढायच्या आधीच हा तात्पुरता दात तयार करून घ्या.

इम्प्लांट बसल्यावर एक फसवी अवस्था येते. आठवड्याभरात दुखणं थांबतं, टाके निघतात, माणूस भाकरी आणि सुकं मटण खायला बसतो. नेमकी त्याच सुमाराला, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, इम्प्लांटची पकड सगळ्यात कमी असते. कारण स्क्रूने धरलेलं जुनं हाड विरघळत असतं आणि नवं हाड अजून धरलेलं नसतं. लगेच बसवलेल्या इम्प्लांटला हे जास्तच लागू. किमान ६ ते ८ आठवडे मऊ भात, आमटीत कुस्करलेली पोळी, उपमा, मऊ भाज्या, आणि चावणं दुसऱ्या बाजूने. तात्पुरता दात चावताना त्याच्यासमोर येणाऱ्या दाताला टेकत असेल तर लगेच घासून घ्यायला जा. रात्री दात खायची सवय असेल तर ती आधीच सांगा.

परदेशातून सुट्टीवर आलेल्यांसाठी

अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणारी आपली मंडळी तीन आठवड्यांच्या सुट्टीत दातांचं सगळं उरकायला पाहतात, कारण तिथला खर्च परवडत नाही. त्यांच्यावर ‘सगळं लगेच’ हा पर्याय विमानाच्या तिकिटामुळे लादला जातो. तीन आठवड्यांत नीट होण्यासारखं काम म्हणजे स्कॅन, दात जपून काढणं, गरज असेल तर पूड भरणं आणि तात्पुरता दात. पुढच्या फेरीत इम्प्लांट, त्यानंतरच्या फेरीत कॅप. जागा अगदी अनुकूल असेल आणि लगेच बसवलंच, तर तिथल्या एखाद्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, कारण पकड कमी व्हायचे आठवडे तुम्ही तिकडेच काढणार आहात.

कुठेही करा, इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि ते फिरवायची हत्यारं वेगळी असतात, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना हा कागद नसेल तर साधी सैल झालेली कॅपही आवळता येत नाही.

दुसरं मत हवं असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं किंवा बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे दाखवता येतं. स्कॅनची सीडी सोबत न्या. तिथे आणि खासगीतही हे विचारा: माझी ओठाकडची भिंत किती जाड आहे? मुळाच्या पलीकडे किती हाड आहे? दात काढल्यावर भिंत तुटलेली निघाली तर तुमचा बेत काय? त्या बेताचा खर्च आजच्या आकड्यात धरलाय का? आणि इम्प्लांटच का, ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, का नको? शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप असतील तर ब्रिज हे कमीपणाचं उत्तर नाही. अगदी शेवटची दाढ असेल तर काहीच न बसवणंही चालू शकतं.

काम झाल्यानंतर पहिल्या २४ तासांत थुंकत राहू नका, खळखळून चूळ भरू नका. खोबणीतली रक्ताची गुठळी निघाली तर सगळं पुन्हा मागे जातं. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, खालचा ओठ बधिर राहिला किंवा इम्प्लांटच्या बाजूने पू आला तर फोनवर गोळी लिहून घेऊ नका, जाऊन दाखवा. काही हलतंय असं जाणवलं तर जिभेने किंवा बोटाने हलवून पाहू नका. वरचा तात्पुरता दात किंवा त्याचा बारीक स्क्रू सैल झाला असेल तर पाच मिनिटांत आवळला जातो. खुद्द इम्प्लांट हलत असेल तर ते काढून, जागा भरू देऊन, दोन-तीन महिन्यांनी बहुतेकदा दुसरं बसवता येतं.